हाताची साक्ष

अजिनाथ लगडने आजवर एकतीस नाटकं बसवली. पहिल्या तिसांतल्या कोणत्याही एकाबद्दल विचारा, तो चहा सांगतो आणि दोन तास जागचा हलत नाही. एकतिसावं नुसतं अठरा मिनिटांचं आहे. त्याचे प्रयोग मात्र बाकीच्या तिसांतल्या कोणत्याही एकापेक्षा जास्त झाले, आणि त्याचं नाव काढलं की हा माणूस उठतो आणि मोटारसायकलची किल्ली शोधायला लागतो. किल्ली बहुतेक वेळा त्याच्या हातातच असते.

तो मूळचा नगर जिल्ह्यातल्या काष्टीचा. वडील बैलबाजारात दलाली करायचे. बैलबाजार ज्याने पाहिला असेल त्याला ठाऊक आहे, तिथे भाव बोलून ठरत नाही. घेणारा आणि दलाल एका उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. तोंडाने तेव्हा भलतंच चाललेलं असतं, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या विहिरीचं पाणी. सात-आठ वर्षांचा अजिनाथ बापाशेजारी बसून ते उपरणं बघत राहायचा. कापड कुठे उचललं गेलं, कुठे दबलं, यावरून सौदा जमणार की मोडणार हे त्याला आधी कळायचं. पुढे दिग्दर्शक म्हणून त्याचं जे काही नाव झालं, त्याचं मूळ कुठल्या शिबिरात नाही, या उपरण्याखाली आहे.

विसाव्या वर्षी त्याने गावच्या जत्रेत पहिलं नाटक बसवलं. नायकाच्या आईच्या कामासाठी बारामतीहून एक बाई आणली होती. बाई गोड गळ्याची, पण तिने जन्मात भाकरी थापलेली नव्हती, आणि पहिल्याच प्रवेशात आईने चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत बोलायचं होतं. अजिनाथने तिला आपल्या चुलतीच्या, गोजरबाईच्या, चुलीपुढे आठ दिवस बसवलं. संवादांचं नाव काढलं नाही, नुसत्या भाकऱ्या. प्रयोगाच्या वेळी स्टेजवर ना पीठ, ना तवा, ना काटवट. बाई रिकाम्या हवेत थापत होती. बोलण्याच्या नादात तिने तव्यावरची भाकरी उलटायला उशीर केला, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "अगं करपली की!" त्या एका आवाजावर अजिनाथने पुढची पंचवीस वर्षं काढली.

त्याची पद्धत तेव्हाच ठरली. नटाला तो म्हणायचा, "तोंडाला नको, हाताला विचार." सुताराचं काम करणाऱ्याला सुताराकडे धाडायचा, नर्सचं काम करणारीला दवाखान्यात. हाताला काम आलं की मग शब्द. आणि एक नियम त्याने कधी मोडला नाही. नटाला तो स्वतः करून दाखवायचा नाही. तालमीत त्याचे दोन्ही हात पाठीमागे. कुणी कितीही चुकलं, अडलं, रडकुंडीला आलं तरी हात पुढे यायचे नाहीत. मी दाखवलं की तो माझे हात करणार, त्याचे स्वतःचे मरणार, असं त्याचं म्हणणं. नट वैतागायचे, पाठीमागे शिव्याही द्यायचे, पण प्रयोगाला लोक रडायचे, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

नाटकाने पोट भरत नाही. त्याने आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करणारा कारखाना. तिथेही वर्षभरात त्याने कामगारांची मंडळी जमवली. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटली की कँटीनमध्ये तालीम. नगरच्या हौशी स्पर्धांमध्ये सुप्याच्या मंडळींना लोक ओळखू लागले. अजिनाथ लगडला "भाऊ" म्हणणारे शहरातले नटही निघाले. घरी कपाटावर ढाली मावेनात तेव्हा बायकोने त्या धान्याच्या कोठीवर मांडल्या.

याच मंडळींत भीमा आला. पाथर्डीकडच्या ऊसतोड्याच्या घरचा, कारखान्यात कंत्राटावर लागलेला, पंचविशीचा. त्या वर्षी अजिनाथ ऊसतोडीवरचं नाटक बसवत होता आणि सगळ्या नटांना देवळाली प्रवरेच्या उसाच्या फडात आठवडाभर राबवून आणलं होतं. भीमाला राबवायची गरज नव्हती. डाव्या हाताने उसाचं बुड कवळायचं, उजव्याने कोयता मारायचा, शेंड्याचं वाढं उडवायचं आणि डाव्याने ऊस मोळीवर टाकायचा. स्टेजवर ऊस नव्हता, कोयता नव्हता. परीक्षकांपैकी एकाने नंतर सांगितलं की त्या पोराच्या डाव्या हातात ऊस दिसत होता. अजिनाथला असा हात पंचवीस वर्षांत दुसरा मिळाला नव्हता, आणि तो हे सगळ्यांना सांगत फिरायचा. भीमा लाजून मान खाली घालायचा.

आता प्रेसबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळं त्यावर आहे. पत्रा साच्यावर ठेवायचा, मग वरून प्रेस खाली येते आणि पत्र्याला आकार देते. हात आत राहू नयेत म्हणून दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही तळव्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस येते. दोन्ही हात बटणांवर म्हणजे आत कुणाचा हात नाही, इतकी साधी युक्ती. कामगारांना तिची इतकी खात्री असते की पत्रा सरळ करताना उजवा तळवा बटणावर तसाच टेकलेला राहतो. डावं दाबलं नाही तर प्रेस येतच नाही, मग भीती कसली?

दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी सात नंबरच्या प्रेसचं डावं बटण गेलं. स्टोअरला नवं नव्हतं. सुपरवायझर डोक्यावर उभा, गाडी भरायची खोळंबली होती. तो म्हणाला, "भाऊ, तात्पुरतं काहीतरी करा." अजिनाथने मशीनचं विजेचं पॅनल उघडलं आणि जंपर मारला. म्हणजे वीतभर तारेने डाव्या बटणाची जोडणी कायमची जोडून टाकली. आता मशीनच्या लेखी डावं बटण सतत दाबलेलं होतं. हे धोक्याचं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवं बटण आणून उद्या बदलायचं, असं त्याने मनाशी धरलं. पण त्याच संध्याकाळी नगरला रंगीत तालीम होती, शनिवारी स्पर्धेचा प्रयोग, रविवारी सुट्टी, सोमवारी निकाल. पहिलं बक्षीस आलं. सोमवारभर त्याला शॉप फ्लोअरवर हार घालत होते. सात नंबरच्या ऑपरेटरला एक शब्द सांगायचा राहिला तो राहिलाच. वहीत नोंदही केली नाही. डोक्यात नाटक असलं की या माणसाला दुसरं काही दिसायचं नाही, आणि याचं सगळे कौतुक करायचे.

मंगळवारी सेकंड शिफ्टला सात नंबरवर भीमा होता.

संध्याकाळी पावणेसहाला अजिनाथला बोलावणं आलं, प्रेस वर घ्यायला. त्याने प्रेस वर घेतली. लोकांनी भीमाला उचलून गाडीत घातलं आणि नगरला नेलं. शॉपमधली सगळी माणसं दाराकडे धावली होती. पॅनलपाशी अजिनाथ एकटा. त्याने दार उघडलं, तार काढली आणि खिशात टाकली. विचार करून केलं असंही नाही. नंतर तो स्वतःला हेच सांगत राहिला, की विचार केलाच नव्हता, हात आपोआप गेले. दुसऱ्या दिवशी स्टोअरला बटणं आली. त्याने नवं बटण लावलं.

चौकशी झाली. डाव्या बटणाच्या दांडीला भीमाचं तेल पुसायचं फडकं गुंडाळलेलं सापडलं. फडकं तिथे सगळेच अडकवतात. पण काम भरभर व्हावं म्हणून बटण फडक्याने दाबून बांधायची खोड काही जणांना होती, तीही सगळ्यांना माहीत. अजिनाथला विचारलं, "पॅनल ठीक होतं?" तो म्हणाला, "होतं." सुपरवायझर काही बोलला नाही, आणि दोन महिन्यांत नोकरी सोडून गुजरातेत निघून गेला. कागदावर आलं की ऑपरेटरने बटण बांधलं, चूक ऑपरेटरची. भीमाचा डावा हात मनगटापासून गेला होता, त्यामागोमाग कंत्राटही गेलं. अजिनाथची बाजू घेण्यात काही अर्थ नाही. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस पहिल्या दिवशी बोलला नाही की दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट अवघड होतं.

भीमाला त्या मिनिटातलं काहीच आठवत नव्हतं. सगळे म्हणत होते, बांधलं असणार. त्याची बायको दिपाली म्हणायची, "कशाला बांधलं ओ? कुनाची घाई हुती?" ती आता एका पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जायची आणि तो सुप्याच्या खोलीवर दोन वर्षांची मुलगी सांभाळायचा. अजिनाथ महिन्यातून एकदा भेटायला जायचा, फळं न्यायचा, दहा मिनिटं बसायचा. भीमा दर वेळी विचारायचा, यंदा नाटक कोणतं. त्या वर्षी नाटक नव्हतं. कुणी विचारलं तर अजिनाथ कंबर दुखते म्हणून सांगायचा.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत एचआरच्या साहेबांनी अजिनाथला केबिनमध्ये बोलावलं. चार मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू होत होता. त्यांना एक छोटं नाटक हवं होतं, निष्काळजीपणाने हात गमावलेल्या कामगाराचं, आणि ते काम भीमानेच करायचं. "लोकांवर परिणाम होईल, लगड. खरा माणूस समोर उभा राहिला की होतो. वरची मंडळी येणारेत. चांगलं झालं तर त्याला टूल स्टोअरच्या खिडकीवर कायम करून घेऊ. ते काम एका हाताने जमतं." साहेब वाईट माणूस नव्हता. आपण कुणाचं तरी भलं करतोय असंच त्याला वाटत होतं.

अजिनाथ नाही म्हणायचं ठरवूनच घरी आला. दारात भीमा बसलेला. साहेबांनी त्याला आधीच फोन केला होता.

"भाऊ, तुमीच बसवा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हाताखाली मला जमायचं न्हाई. कायम झालो तर दिपालीला शेडवर जायला नको. माझीच चूक हाय, मला काय लाज न्हाई ती दावायला. दुसऱ्या कुनाचा तरी हात वाचंल."

अजिनाथ हो म्हणाला. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

तालीम कँटीनमध्ये सुरू झाली. सुपरवायझरच्या कामाला नगरचा जोएल होता. चर्चमधली नाताळची नाटकं करत मोठा झालेला, शेजारच्या आठ नंबरच्या प्रेसवर काम करणारा, कमी बोलणारा आणि जास्त बघणारा माणूस. साच्याच्या जागी टेबल, बटणांच्या जागी दोन स्टूल. पहिल्या दिवशी अजिनाथ नेहमीसारखा हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने बोलून गेला, "बोलू नको. त्या दिवशी हातांनी जे केलं ते कर. हाताला विचार." शब्द परत घ्यावेत असं त्याला वाटलं, पण भीमा तोवर सुरू झाला होता.

पत्रा उचलायचा, ठेवायचा, तळवे बटणांवर, पत्रा काढायचा. डाव्या तळव्याच्या जागी मनगटाचं टोक स्टुलावर टेकत होतं. पाच-सहा पत्रे झाले. आता खांद्यावरचं फडकं काढून डावं बटण बांधायचं होतं. भीमा तिथे आला आणि पुढे निघून गेला. पुढचा पत्रा उचलला. थांबला, हसला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. सात वेळा केलं. सातही वेळा हात फडक्याकडे गेलेच नाहीत.

"भाऊ, हात बांधीतच न्हाईत ओ," तो म्हणाला.

"होईल," अजिनाथ म्हणाला.

जोएल बाटलीतलं पाणी पीत होता. त्याने बाटली खाली ठेवली. "ह्याचा हात कधी विसरत नाही भाऊ. ऊसतोडीच्या नाटकात एक वाढं चुकलं नव्हतं."

अजिनाथने त्या दिवशी तालीम लवकर सोडली. पण भीमाने सोडली नाही. दिपाली कारखान्याच्या गेटवर भेटली तेव्हा सांगत होती, "जेवता जेवता मधीच थांबत्यात. ताटावर पत्रा ठिवल्यावानी करत्यात. पोरगी हसती, मला भ्या वाटतं." अजिनाथला त्याहून जास्त वाटत होतं. त्यानेच शिकवलेलं, त्यानेच वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं कसब रोज एकेक पाऊल त्याच्या दिशेने येत होतं, आणि आणणारा माणूस त्याच्यावर जीव टाकत होता. रोज साडेतीनची शिट्टी झाली की तो तालमीला सगळ्यांच्या शेवटी पोचायचा.

दहाव्या दिवशी भीमाने न सांगताच वेगळं काही केलं. एक पत्रा साच्यात तिरका बसला. म्हणजे टेबलावर पत्रा नव्हताच, पण तो तिरका बसल्याचं सगळ्यांना दिसलं. भीमाचा उजवा तळवा सवयीने बटणाच्या स्टुलावर टेकला आणि डावा, नसलेला, पत्रा सरळ करायला आत गेला. तसाच तो थिजला. 

तो अपघात अजिनाथने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्या दिवशी तो प्रेस वर घ्यायला आला होता, खाली येताना पाहिली नव्हती.

"भाऊ," भीमा हळू म्हणाला, "आसंच झालं हुतं. आसंच. यात फडकं कुटं हाय? मी बांधलंच नसंल तर?"

 जोएलने अजिनाथकडे पाहिलं. "भाऊ, पॅनल तुम्हीच बघितलं होतं ना?"

तो क्षण होता. तोंड उघडायचं आणि तीन वाक्यं बोलायची. अजिनाथने तोंड उघडलंही. तेवढ्यात दारातून एचआरचे साहेब आत आले, कसं चाललंय म्हणून विचारायला. "सहाच दिवस राहिलेत हां," ते म्हणाले. "भीमा, तुझं लेटर टाइप करून ठेवलंय."

साहेब गेले. अजिनाथ म्हणाला, "पॅनल ठीक हुतं." मग तो टेबलापाशी गेला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे हात पाठीमागून पुढे आले. "ते विसर," तो भीमाला म्हणाला. "मी दाखवतो तसं कर."

त्याने भीमाच्या खांद्यावरचं फडकं घेतलं, स्टुलाला वेढा दिला, ओढलं, गाठ मारली.  पहिली गाठ सुटली. त्याने दात ओठांवर दाबून दुसरी मारली, ती बसली. वर पाहिलं तर भीमा त्याच्या हातांकडे एकटक बघत होता, शाळेतलं पोर फळ्याकडे बघतं तसा. जोएल बाहेर निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी तो आला, काम चोख केलं, पण त्यानंतर त्याने अजिनाथला कधी भाऊ म्हटलं नाही. लगडसाहेब म्हणायला लागला.

भीमा शिकला, नुसता शिकला नाही, गिळून टाकलं त्याने. एक हात नाही म्हणून फडक्याचं टोक दातात धरायचं, उजव्याने वेढा द्यायचा, मान मागे घेऊन आवळायचं. दोन दिवस अडखळला. तिसऱ्या दिवशी सलग झालं. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत चहा पिताना त्याचा हात आपोआप खांद्याकडे गेलेला अजिनाथला दिसला. 

चार मार्चला शेडमध्ये मांडव घातला. तिन्ही शिफ्टची माणसं, वरची मंडळी, बायकांच्या बाजूला दिपाली. भीमाने फडकं खांद्यावरून काढलं, टोक दातात धरलं आणि बटण बांधलं, तेव्हा इतकी शांतता झाली की छतावर पत्रे तापल्याचा आवाज आला. दिपालीने पदर तोंडात कोंबला. नंतर टाळ्या थांबेनात. वरच्या साहेबांनी स्टेजवर येऊन पत्र दिलं. असं काम पुण्यामुंबईच्या स्टेजवर बघितलं नाही, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पडद्यामागे भीमाने अजिनाथला मिठी मारली. तो रडत होता, पण हलका झाला होता.

"भाऊ, आज आठवलं! बांधताना सगळं डोळ्याम्होरं आलं. फडकं वलं हुतं. पैली गाठ सुटली, मग दुसरी मारली. मीच बांधलं हुतं भाऊ. वरीसभर डोकं फुटायची येळ आल्ती, तुमी सोडवलं."

अजिनाथच्या पाठीवर त्याचा एकुलता हात थोपटत होता.

बोलबाला झाला. शेजारच्या कारखान्यांनी बोलावलं, मग रांजणगावने, मग चाकणने. भीमा टूल स्टोअरच्या खिडकीवर बसायचा आणि महिन्याला दोन-तीन प्रयोग करायचा. अजिनाथने चार-पाच महिने कसेबसे काढले. अकराव्या प्रयोगानंतरच्या रविवारी दुपारी तो भीमाच्या खोलीवर गेला. फळं नेली नाहीत.

"भीमा, बटन तू बांधलं न्हाईस," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "बटन बिघडलं हुतं. पॅनलमधी मी जंपर मारला हुता, शुक्रवारी. स्पर्धेच्या गडबडीत काढायचा ऱ्हायला. तुजा हात माझ्यामुळं गेला. तार मी काढली आन् चौकशीत खोटं बोललो."

भीमा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता.  त्याचे डोळे भरून आले.

"नका भाऊ," तो म्हणाला. "माझ्यापायी येवढं खोटं बोलू नका. मी आता बरा हाय. खरंच."

"खोटं न्हाई रे."

"मग मला आठवतंय ते काय हाय?"

"ते मी बसवलंय."

भीमा डोळे पुसत हसला. "तुमी बसवलेलं कदी खोटं निगालंय का? साऱ्या जिल्ह्याला इचारा." मग आत हाक मारून म्हणाला, "अगं, भाऊंना चहा ठिव. लई मोठ्या मनाचा मानूस."

दिपाली आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने एवढंच विचारलं, "कसली हुती तार?"

"निळी. येवढी." अजिनाथच्या दोन बोटांनी वीतभर अंतर दाखवलं, मग ती नसलेली तार दोन ठिकाणी मोडली, घडी केली आणि उजव्या खिशात सरकवली. खिशावरून तळवा फिरवून वरून दाबलंसुद्धा. आपण काय केलं हे त्याला कळलं नाही. दिपाली त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती.

भीमाला त्यात काही दिसलं नाही. तो मुलीचं नाक पुसत होता.

चहा झाल्यावर दिपाली अजिनाथला सोडायला रस्त्यापर्यंत आली. मोटारसायकलपाशी ती थांबली. आवाज चढवला नाही.

"वरीसभर मी त्यांना टोचून खाल्लं," ती म्हणाली. "मी घरात आसले की पोरीला उचलून घेऊ दिलं न्हाई. म्हनायची, तुमच्या हाताचा भरवसा न्हाई. कुटल्या हाताचा म्हनत हुते मी? ऱ्हायलेल्या हाताचा."

अजिनाथ म्हणाला, "मी हापिसात जाऊन सांगतो. उद्याच सांगतो."

"न्हाई सांगायचं. तुमची जाईल ती जाईल, त्यांची बी नोकरी जाईल. आन् त्यांना खरं पटलं तर ते तुमाला माफ करतील. त्येवढं मला बघवनार न्हाई." तिने पदर खोचला. "पर एक करायचं. खेळ कुटं बी असू द्या, तुमी म्होरल्या रांगंत बसायचं. ते फडकं बांधाया लागलं की मान खाली घालायची न्हाई. एक बी खेळ चुकवायचा न्हाई. मी बघायला यीन."

त्यानंतर एकोणीस प्रयोग झाले. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची अजिनाथसाठी ठेवलेली असते, दिग्दर्शक म्हणून. भीमा खांद्यावरचं फडकं काढतो, टोक दातात धरतो, आणि साऱ्या शेडमधली माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघतात. दिपाली बायकांच्या बाजूला बसते. ती अजिनाथकडे बघत असते.